तिसरा चौकोन

बिस्किटाचा पुडा आमच्या घरात आधी वाचला जायचा आणि मग फोडला जायचा. वाचायचे वडील. चष्मा कपाळावर चढवून, पुडा डोळ्यांच्या अगदी जवळ धरून, ती बारीक अक्षरांतली यादी ते ओठ हलवत वाचत आणि आम्ही भावंडं समोर ताटकळत बसायचो. आम्ही जैन. अंडं, चरबी असलं काही पोटात जाऊ नये म्हणून ही तपासणी. एखादा शब्द कळला नाही तर पुडा तसाच कपाटात जायचा आणि वडील कंपनीला पोस्टकार्ड टाकायचे. एकदा उत्तर यायला इतके महिने लागले की तोवर बिस्किटं सादळून गेली. वडील मात्र खुशीत होते, उत्तर आलं म्हणून. ‘माहीत नाही म्हणजे नको’ एवढाच त्यांचा नियम होता. हा नियम त्यांनी स्वतःच्या आणि आमच्या तोंडापुरताच ठेवला होता, दुसऱ्या कुणावर कधी लावला नव्हता, हे लक्षात यायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

मी त्यांचीच लेक. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि स्वभाव असा की चुकीचं दिसलं की गप्प बसवत नसे. नव्वदनंतरच्या वर्षांत आम्ही आठ-दहा जणांनी मिळून ग्राहकांची एक छोटी संघटना काढली. शनिवारी शाळा सुटली की सातवीच्या वर्गात, मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून आमची सभा भरायची. अध्यक्ष निवृत्त बँक अधिकारी होते. अत्यंत सज्जन माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला दोन पेनं. आम्ही गॅसच्या टाक्या वजन करून घ्यायचो, छापील किमतीपेक्षा जास्त मागणाऱ्याशी तासभर हुज्जत घालायचो. बाई दुकानात शिरल्या की दुकानदार आधी पंखा बंद करतो, नाहीतर काट्याला वारा लागतोय म्हणून भांडतील, अशी माझी ख्याती पेठेत झाली होती. मला ती मनातून आवडायचीही.

मग पुड्यांवर हिरवा ठिपका आला. शाकाहारी असेल तर हिरवा. वडील तेव्हा ऐंशीच्या घरात होते. मी पुडा त्यांच्या हातात दिला आणि ठिपका दाखवला. त्यांनी भिंग लावून तो बराच वेळ पाहिला. एवढ्याशा ठिपक्यासाठी आपण जन्मभर पोस्टकार्डं लिहिली, असं म्हणाले आणि हसले. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा न वाचता पुडा फोडला. मला रडू आलं होतं, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

त्या ठिपक्याने माझी भीड चेपली. सरकारला वाटलं तर ते लिहायला लावू शकतं, हे डोळ्यांनी दिसलं होतं. त्याच सुमारास आपल्याकडे कापसाचं नवं बियाणं आलं. जमिनीत राहणाऱ्या एका जिवाणूचं जनुक कापसात घालायचं, म्हणजे बोंड कुरतडणारी अळी ते खाऊन मरते. परदेशात मका आणि सोयाबीनही तसलं पिकत होतं आणि काही देशांत लोक पाकिटावर ते लिहा म्हणून मागे लागले होते. मी वर्तमानपत्रांतली कात्रणं शनिवारच्या सभेत घेऊन गेले, फळ्यावर आकृती काढली आणि म्हटलं, आपणही हे मागायचं.

सभासदांनी विचारलं, कापूस कोण खातं? प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, आपण सगळे खातो. कापसाच्या बीला सरकी म्हणतात. तिचं तेल निघतं, ते फरसाणाच्या कढईत जातं. तेल काढून उरलेली पेंड म्हशी खातात. आणि म्हशीचं दूध आपण पितो. कोल्हापूरच्या माणसाला दुधाबद्दल काही सांगितलं की तो लगेच कान टवकारतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. हे अपायकारक आहे, असं मी कधी म्हटलं नाही. मला माहीत नव्हतं. ज्यांना अगदी ठाम माहीत होतं, त्या दोन्ही बाजूंच्या लोकांचा मला राग यायचा. माझी मागणी एवढीच होती की पाकिटावर लिहा, मग ज्याला खायचं तो खाईल. पण आमच्या पत्रकाचा मथळा होता ‘तुमच्या ताटात काय आहे?’ आणि त्याखाली एक मोठं काळं प्रश्नचिन्ह होतं. प्रश्नचिन्ह माझीच कल्पना. ते बघितलं की माणूस घाबरणारच, हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते.

पहिली काही वर्षं सह्या मिळवताना नाकी नऊ आले. मग वांग्याचं नाव निघालं. तसलंच वांगंही येणार अशा बातम्या आल्या आणि बायका आपणहून थांबून सही करायला लागल्या. कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत हा आमच्याकडे जिव्हाळ्याचा विषय. दिल्लीला पोस्टकार्डांचे गठ्ठे जायचे. पोस्टातला कारकून मला बघितलं की शिक्का आधीच शाईत बुडवून ठेवायचा. दिल्लीहून एकाही कार्डाचं उत्तर आलं नाही. वडिलांना निदान बिस्किटाच्या कंपन्या तरी उत्तर देत होत्या.

उत्तर येत नाही म्हटल्यावर मला एक युक्ती सुचली. सरकार लेबल लावत नाही ना, मग आपणच लावू. दुकानदाराला एक फॉर्म द्यायचा. त्यात प्रश्न एकच: तुम्ही विकता त्या मालात जनुक बदललेल्या बियाण्याचं काही आहे का? पुढे दोन चौकोन, ‘हो’ आणि ‘नाही’. खाली सही. ज्याने ‘नाही’वर खूण केली त्याला आमच्याकडून हिरव्या काठाची पाटी फुकट. ‘आमच्याकडे जनुक बदललेला माल नाही.’ मी पंचवीस वर्षं परीक्षेचे पेपर काढलेली बाई. खूण करा, जागा भरा, जोड्या लावा. फॉर्म एका बैठकीत तयार झाला आणि अध्यक्षांनी तो सभेत वाचून दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या.

पंधरा दिवसांत पेठेतल्या सगळ्या फॉर्मवर ‘नाही’ची खूण होऊन आली. किराणावाला, फरसाणवाला, बेकरीवाला, गिरणीवाला, सगळे. एकानेही विचार करायला दोन मिनिटं घेतली नाहीत. पाट्या लागल्या, पेठ हिरवीगार झाली, एका वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर आमचा फोटो आला. मी खूश होते. वर्गात चाळीस मुलांचं उत्तर सारखं आलं की कुठे कॉपी झाली हे मला पेपर हातात घेतल्या घेतल्या कळायचं. इथे कळलं नाही. कळून घ्यायचं नव्हतं, असं म्हणणं जास्त खरं.

दुधाच्या कट्ट्याचा नंबर शेवटी लागला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी तीन गवळी म्हशी घेऊन उभे राहायचे. गिऱ्हाईक भांडं घेऊन येणार, गवळी त्याच्यासमोर धार काढणार आणि तालमीतनं आलेले पैलवान तिथेच उभ्याने पेला रिकामा करणार. आमच्या घरचं दूध वीस वर्षं त्यांतल्या एका गवळ्याकडून यायचं. तो कसबा बावड्याचा, चार म्हशी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. मी त्याला मामा म्हणायचे, तो मला बाई. माझी मुलगी त्याच्याच म्हशीच्या दुधावर वाढली.

मामाची एक पद्धत होती. धार काढायच्या आधी तो चरवी गिऱ्हाइकासमोर पालथी करायचा. आत पाण्याचा थेंब नाही हे दिसावं म्हणून. बाकीचे दोघेही पूर्वी करायचे, पण ओळखीच्या माणसापुढे कशाला, म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. मामा वीस वर्षांच्या गिऱ्हाइकापुढेही करायचा. मी एकदा म्हटलं होतं, माझ्यासाठी राहू द्या. त्याने ऐकलं नाही. गिऱ्हाईक बघो न बघो, चरवी पालथी व्हायचीच.

तिघांनाही मी फॉर्म दिले. बाकीच्या दोघांनी म्हशीच्या पाठीवर कागद ठेवून तिथल्या तिथे ‘नाही’वर खूण केली. मामाने फॉर्म घडी करून खिशात घातला आणि आठ दिवस मागितले. पुढच्या आठवड्यात मी गेले तर फॉर्म कोराच.

त्याने सांगितलं ते असं. तो पेंडीच्या दुकानात गेला होता. दुकानदार म्हणाला, मला काय माहीत, तेलाच्या गिरणीत विचार. मामाने गिरणीचा नंबर घेऊन फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, सरकी दहा ठिकाणची येते, सगळी एकाच ढिगात पडते, कुठल्या शेतातली कुठली हे कोण ध्यानात ठेवतो. एवढं करून मामा परत आला होता. आमच्या संघटनेतल्या कुणीही, मीसुद्धा, आजवर त्या गिरणीला एक फोन केला नव्हता.

“बाई, ह्यात मला ‘म्हाईत न्हाय’ लिवायचंय. ते कुठं लिवू?”

मी म्हटलं, तशी जागा नाही, दोनपैकी एकावर खूण करा.

“व्हय लिवलं तर खोटं, आन न्हाय लिवलं तर बी खोटंच की.”

मी जरा चिडले. वर्गात ‘माहीत नाही’ला शून्य मिळतं, तशी सवय होती. मग फॉर्म भरू नका, असं त्याला सांगितलं. त्यावर तो म्हणाला, शेजारच्या दोघांकडे पाटी दिसणार आणि आपल्याकडे नाही, मग गिऱ्हाईक विचारणारच. तोंडाने शंभरदा सांगण्यापेक्षा आपणही पाटी लावतो. दोन दिवसांनी त्याने पेंटरकडून पांढऱ्या पत्र्यावर लिहून आणलं. ‘म्हशींना सरकी पेंड घालतो. सरकी कसल्या बियाची, माहीत नाही.’ ती पाटी त्याने भिंतीच्या खिळ्याला, हिरव्या दोन पाट्यांच्या शेजारी टांगली.

मी ती वाचली आणि मनातल्या मनात त्याला शंभरपैकी शंभर दिले. अख्ख्या पेठेत तेवढीच एक पाटी खरी होती. तिघंही गवळी एकाच दुकानातून पेंड नेत होते, हे मला ठाऊक होतं. पण हे मी मनातच ठेवलं.

पहिल्या आठवड्यात लोक पाटी वाचून हसले. दुसऱ्या आठवड्यात विचारायला लागले. मग एक बाई भांडं हातात घेऊन मोठ्याने म्हणाली, ह्याचं ह्यालाच माहीत नाही तर आपण कशाला प्यायचं, आणि शेजारच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या मागून दोघीतिघी गेल्या. महिन्याभरात मामाची रांग आटत गेली. पैलवान तेवढे काही दिवस टिकले, पण त्यांच्या वस्तादाने काहीतरी सांगितलं असावं, तेही सरकले. मामा रोज यायचा, म्हशींना हिरवी वैरण टाकायचा आणि उभा राहायचा. म्हशीला गिऱ्हाईक आहे की नाही हे कळत नाही, वेळेला धार काढावीच लागते. उरलेलं दूध तो कॅनमध्ये घालून परत बावड्याला न्यायचा. घरी दुधाचं काय करता, असं मी विचारलं तर म्हणाला, खवा करतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना देतो, चाललंय. वीस वर्षं त्याचं घर त्या कट्ट्यावर चाललं होतं आणि आता ते डोळ्यांदेखत चाललं नव्हतं.

त्याने तक्रार केली नाही. एकदाच, चरवी धुताना, माझ्याकडे न बघता विचारलं.

“बाई, पाटी काढू का?”

त्या वेळी ‘काढा’ म्हणायला हवं होतं. किंवा तिथेच उभं राहून ओरडून सांगायला हवं होतं की बाकीच्या दोन पाट्या खोट्या आहेत. काट्याला वारा लागला म्हणून भांडणाऱ्या बाईने मामाला काय सांगितलं? तर, काढू नका. खरं आहे ते टिकतं, थोडे दिवस धीर धरा, लोकांना कळेल. मी त्याला जवळजवळ धडाच शिकवला. त्याने मान हलवली. त्याचा माझ्यावर विश्वास होता. मी शिकलेली, पेपरात फोटो आलेली.

पंधरा दिवसांनी माझी मुलगी पुण्याहून पहिल्या बाळंतपणाला आली. संध्याकाळी मी भांडं घेऊन निघाले तर तिने विचारलं, आई, त्या पाटीवाल्या मामांकडूनच आणतेस अजून? मी म्हटलं, हो, का? तिने पोटावर हात ठेवला. मामांबद्दल तिला काही म्हणायचं नव्हतं. पण त्यांना स्वतःलाच खात्री नाही, असं तिचं म्हणणं. आणि मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, “तूच शिकवलंस ना, माहीत नाही म्हणजे नको.”

ते मी शिकवलं नव्हतं, तिच्या आजोबांनी शिकवलं होतं. तिला हे सांगता आलं असतं की तुझ्या पुण्यातल्या दुधाच्या म्हशी काय खातात हेही कुणाला माहीत नाही. सांगितलं नाही. पोरीच्या पहिल्या बाळंतपणात वाद नको, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मलाही धाकधूक वाटायला लागली होती. माझंच प्रश्नचिन्ह माझ्याच घरात येऊन उभं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे पिशवीचं दूध सुरू झालं. हिरव्या पाटीवाल्यांकडून घ्यायला मन धजेना. त्यांच्या पाट्या खोट्या आहेत हे माहीत असताना, मामाच्या नजरेसमोर त्यांच्या रांगेत उभं राहायचं कसं? पिशवीचं बरं होतं. पिशवीला तोंड नसतं. आणि मी माझी वाट बदलली. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाकडून न येता मागच्या बोळातून यायला लागले. त्या बोळात गटार उघडं होतं आणि रोज साडीच्या निऱ्या उचलून धरून चालावं लागायचं. मी रोज तिथून गेले.

एवढं झाल्यावर तरी शनिवारच्या सभेत मी विषय काढला. म्हटलं, गवळ्यांच्या दोन पाट्या परत घ्या, त्या खोट्या आहेत. अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, मग किराणावाल्याची खरी आहे का? फरसाणवाल्याची? एक काढली तर सगळ्या काढाव्या लागतील. वांग्याचा निर्णय तोंडावर आला असताना पेठेत आपलं हसं होईल, आजवरच्या सगळ्या पोस्टकार्डांवर पाणी पडेल. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं मला पटलं नव्हतं आणि ते खोडूनही काढता येत नव्हतं. पुढच्या महिन्यात बघू, असं ठरलं आणि मी गप्प बसले. जन्मभर एक-एक रुपयासाठी भांडले, आणि खरं भांडण समोर आलं तेव्हा बाकावर बसून त्याच्यावरचे खडूचे डाग नखाने खरवडत राहिले. मला त्याची आजही लाज वाटते.

मुलीला मुलगी झाली. त्या गडबडीत दोन महिने गेले. बारसं झाल्यावर एका संध्याकाळी मी हिय्या करून गल्लीच्या तोंडावरून आले. मामाची जागा मोकळी होती. भिंतीत खिळा होता, पाटी नव्हती. शेजारच्या गवळ्याने सांगितलं की मामाने दोन म्हशी विकल्या, आता कट्ट्यावर येत नाही. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. तोही वीस वर्षं त्याच्याशेजारी उभा राहिला होता.

दशक संपता संपता बातमी आली की वांग्याला सरकारने सध्या थांबवलं आहे. लेबलाचं कुणी काही बोललं नाही, पण आम्हाला तेवढंही पुरलं. सातवीच्या वर्गात पेढे वाटले, अध्यक्षांचं भाषण झालं. माझ्या हातात पेढा होता आणि तो मला खाववेना. त्या सभेत मी उठून सांगितलं की फॉर्म चुकला होता आणि तो मी काढला होता. पुढच्या शनिवारी मी नवा फॉर्म घेऊन गेले. त्यात तीन चौकोन होते. हो. नाही. माहीत नाही. अध्यक्षांनी तो बराच वेळ वाचला आणि विचारलं, हा तिसरा चौकोन भरणार कोण? मी म्हटलं, ज्याने आधीच भरलाय त्याच्यापासून सुरुवात करते.

रविवारी सकाळी मी पेढ्यांचा पुडा आणि नवा फॉर्म घेऊन कसबा बावड्याला गेले. वीस वर्षांत मी मामाचं घर पाहिलं नव्हतं. कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, उसाला लागून गोठा. दोन म्हशी उसाच्या शेंड्यांचं वाडं खात होत्या. मामा वाळला होता. मला बघून त्याने घरात हाक दिली, खुर्ची आणायला लावली. येताना बोलायचं पाठ केलेलं सगळं मी विसरले. चुकलं माझं, एवढंच म्हणाले. पाटी काढा म्हणायला हवं होतं.

त्याने कोपऱ्यातली चरवी घेतली, माझ्यासमोर पालथी केली आणि म्हशीखाली बसला. पितळी पेल्यातून दूध आणून हातात दिलं. मग पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा खिशात ठेवला. फॉर्म हातात धरून तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, “हे आता घातलंय व्हय? आन तुमचा तुमी भरलाय का?”

भरला नव्हता. तसं कधी मनातच आलं नव्हतं. फॉर्म दुकानदारांसाठी होता.

मग त्याने नातीचं विचारलं, मुलीचं विचारलं. बाळंतिणीला दूध कुठलं घातलं, हेही विचारलं. तेच त्याने विचारू नये म्हणून मी इतके महिने उघड्या गटाराच्या बोळातून गेले होते. आता खोटं बोलायची सोय नव्हती. मी मान खाली घालून म्हटलं, पिशवीचं.

मामाने बाहेर कॅन लावलेल्या सायकलीकडे बघितलं. कट्टा सुटल्यापासून तो गावातल्या दूध संस्थेत दूध घालत होता. तिथून ते टँकरने जायचं, सगळ्यांच्या दुधात मिसळायचं आणि पिशवीत भरून शहरात परत यायचं.

“मग आमचंच की,” तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच बरं वाटलं होतं, आपलं दूध आमच्या घरी पोचतंय म्हणून. मी पेला खाली ठेवला नाही, सगळं दूध प्याले. मग पर्समधून पेन काढलं. कागद ठेवायला काही दिसेना, म्हणून मामाने पेंडीच्या पिंपाकडे बोट दाखवलं. त्याच्यावर झाकण म्हणून ती पांढरी पाटी ठेवलेली होती, अक्षरं वर करून. तिच्यावर मी फॉर्म ठेवला, माझं नाव लिहिलं आणि तिसऱ्या चौकोनात खूण केली.